माझे प्रकरण आईपुढे चालणार नाही

मी, खाली सही करणारी, पुलांची तपासणी करणारी अभियंता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. उद्या माझ्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया आहे. आज मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उद्यानंतर तसा दाखला मिळेलच, असे डॉक्टर म्हणत नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझा दोन खोल्यांचा फ्लॅट दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. न्हाणीघराच्या भिंतीतली ओल वरच्या मजल्यावरून येते. वरच्यांशी भांडून झाले आहे. उपयोग होत नाही.

२. भेगा मोजायची पट्टी, काँक्रीट तपासायचा हातोडा आणि हेल्मेट ऑफिसातल्या माझ्या सहकारी मैत्रिणीला. हेल्मेटचा पट्टा बदलून घ्यावा.

३. मामांना काही नाही. आई उच्च न्यायालयाची न्यायमूर्ती झाली त्या दिवशी ते आमच्याच घरी जेवताना म्हणाले, "एक बाई घ्यायचीच होती त्यांना. ताईचं नशीब फळफळलं." खालच्या कोर्टापासून तिने सुरुवात केली. ती बदल्या घेत गेली आणि मी शाळा बदलत गेले. एका कोर्टात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते, म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. हे सगळे मामांना माहीत होते. आई त्यांना "अजून वाढू का?" म्हणाली. मी म्हणणार नाही.

४. बँकेतील शिल्लक आणि पुस्तके आईला. तिला गरज नाही. पण तिच्या नावाने काहीच न ठेवणे मला जमले नाही.

५. पहिल्या मसुद्यात इथे लिहिले होते की मी शुद्धीवर आले नाही तर मला मशीनवर ठेवू नये. आईने चष्मा चढवून ते वाचले.

"हे इथे चालत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मशीनचा प्रश्न त्याच्या आधीचा. वेगळा कागद कर."

पुलाच्या अहवालात मी असली चूक केली नसती. वेगळा कागद केला.

तो लागतो, तो आईच्याच निकालामुळे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक तिच्या कोर्टात आले होते. त्यांचा तरुण मुलगा मशीनवर होता आणि ते बंद करावे एवढीच त्यांची मागणी होती. मुलाने लेखी काही ठेवले नव्हते. आईने नकार दिला. तेव्हापासून रुग्णाची लेखी इच्छा आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव लागते. शिक्षक पुढेही कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसत. शिपाई त्यांना उठवत नसे. आई घरी कामाबद्दल बोलत नाही, पण मी विचारल्यावर एकदाच बोलली, "बाप काय म्हणतो ते ऐकू येत होतं गं. मुलगा काय म्हणाला असता, ते नव्हतं येत."

वेगळ्या कागदावर मी निर्णयासाठी दादाचे नाव घातले. ते आज दुपारी तिने पाहिले.

"माझं का नाही?"

"तुला दोन्ही बाजू ऐकायची सवय. माझी बाजू मांडायला मी नसेन."

"आणि दादा काय ऐकणार आहे?"

"तो रडेल आणि सही करेल. तुला नाही जमायचं."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तसंही घरचं प्रकरण माझ्यापुढे चालत नाही." मग तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "आत्ता ऐकते. बोल."

मी म्हणाले, "आई, मला जगायचंय."

तिने माझ्या अंगावरची चादर सरळ केली. ती सरळच होती.

"ते माझ्या अधिकारात नाही गं, बाळा."

या कलमाला कायदेशीर अर्थ नाही. क्रमांक रिकामा ठेवायचा नाही म्हणून लिहिले.

वरील सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार:
१. वॉर्डातील परिचारिका (सही)
२. शेजारच्या खाटेवरील बाईंचे यजमान (सही)

आईला यातून काही मिळणार असल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही. हा नियम तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. तरी पेनचे टोपण काढून तिने विचारले, "मी कुठे करू सही?"

ठिकाण: रुग्णालय, तिसरा मजला
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस