कोमट इस्त्री

५ जून

ती. दादास, धाकटीचा सा. न.

आम्ही दोघं या परक्या देशात सुखरूप पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीपाशी माझं शिलाई मशीन मांडलंय. खालच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, जुलैअखेर पडदे नीट शिवून दिलेस तर कायमचं काम देते. पण दादा, मशीन नुसतं कण्हतंय. दुहेरी कापड आलं की सुई अडते. हे म्हणतात मोटार जळली, भंगारात दे. मी ठणकावलं, निघायच्या आधी दादाने स्वतः नव्या तारेचं वाइंडिंग भरून दिलंय, जळेल कशी! काय करू ते लवकर कळव.

लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझी भिंगरी

१७ जून

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर भरलेली ती माझी पहिलीच मोटार. केसासारखी तार, चुकला असेल एखादा वेढा. आता हे मोटारी भरायचं दुकान बंद करतो, असं तुझ्या वहिनीला सांगून टाकलं. ती म्हणाली, आधी पोरीला नीट विचारा, मग खुशाल कुलूप लावा. तेव्हा सांग, जळका वास येतो का? मोटारीला हात लावला तर चटका बसतो? इथून नेलेली बाकीची उपकरणं कशी चालतात? माझ्यामुळे तुझं काम जाऊ नये, एवढंच वाटतं.

तुझा दादा

२९ जून

ती. दादास, सा. न.

वास नाही, चटकाही नाही. तू विचारलंस म्हणून इस्त्री लावून पाहिली. अर्धा तास झाला तरी कोमटच! यांचा शर्ट मांडीखाली घेऊन बसले असते तरी जास्त गरम झाला असता. आपला प्लग इथे बसेना, म्हणून पिन बदलणारा जोड आणलाय. मशीनखालच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलंय, इथल्या मीटरवर १२०. यातच तर गोम नाही ना? आणि दुकान बंद करायचं परत बोलू नकोस, मला रडू येतं.

तुझी भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

अगं वेडे, सगळी गोम तिथेच आहे! माझी मोटार ठणठणीत आहे! जोडाने पिनेचा आकार बदलला, व्होल्टेज नाही. व्होल्टेज म्हणजे विजेचा रेटा. टाकी खाली आणली की नळाची धार बारीक होते ना, तसं. रेटा अर्धा, म्हणून इस्त्रीतून जाणारा करंटही अर्धा. वॅट म्हणजे या दोन्हींचा गुणाकार, म्हणजे अर्ध्याचं अर्धं. तुझी इस्त्री जेमतेम पाव तापते!

व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घे. मशीन शंभर वॅटचं, त्याला दोनशेचा पुरे. इस्त्री हजार वॅटची आहे, ती मात्र त्याला लावू नकोस, तो खरोखर जळेल. इस्त्री तिथलीच घे. नशीब, उलटं झालं नाही. १२०चं यंत्र २३०वर लावलं असतंस तर राख झाली असती. आज किती दिवसांनी पोटभर जेवलो.

तुझा दादा

२ ऑगस्ट

ती. दादास, सा. न.

मशीन असं सुसाट धावलं की पहिली वीतभर शिवण वाकडीच गेली! पडदे वेळेत दिले, काम पक्कं झालं. भंगारवाल्याला बोलावायला निघालेले हे आता रोज मशीनला तेल घालतात. सोबत चार पदरी जाड कापडाची पट्टी पाठवतेय. नवा चष्मा लावून टाके मोज.

लोभ ठेव, दुकानही ठेव.
तुझी भिंगरी

१५ ऑगस्ट

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

टाके मोजले. एकही चुकलेला नाही. वहिनीने पट्टी दुकानात खिळ्याला टांगलीय. पत्र आखूड आहे, रागावू नकोस. समोर तीन मोटारी उघडून ठेवल्यात.

तुझा दादा