गेंड्याचं स्टिअरिंग

दि. ४ मार्च, दुपार

चि. सूनबाईस,

अनेक उत्तम आशीर्वाद. सौ. लिहायचं मुद्दाम टाळलं, राग मानू नकोस.

मी बरी आहे. डावा डोळा जरा सुजलाय, पाना निसटून लागला. तुझा जबडा आता नीट मिटतो का? घास चावता येतो का? तार काढली असं तुझी बहीण दूधवाल्याला म्हणाली, तेवढंच कळलं. फोन फुटलाय, म्हणून हे पत्र संध्याकाळी त्या दूधवाल्याच्याच हाती देतेय.

इकडची बातमी म्हणजे गाडी. अंगणात माझ्या लेकाने जोडजोडून बांधलेल्या त्या गेंड्याला आता ट्रकचे अॅक्सल आलेत, मांडीएवढे जाड. स्टिअरिंगचा जुना दांडा खाली लोंबायचा, दगडावर आपटून वाकायचा. तो आता अॅक्सलच्या वर घेतलाय. आधी मी खूश होते. म्हटलं, हात कामात गुंतले की डोकं ठिकाणावर येईल. कसलं काय!

परवा त्याने तुझं कपाट अंगणात आडवं टाकलं आणि साड्यांसकट त्यावरून गाडी चढवली. फळ्या काडकाड मोडल्या. एक चाक कपाटावर, तीन जमिनीवर, आणि गाडी तसूभर कलली नाही. "बघ आई," म्हणाला, "ओढ्यातल्या धोंड्यांवरून अशीच जाईल." शेजारीपाजारी टाळ्या वाजवत होते.

ओढ्यातून गेलं की कुठे निघतं, हे तुला सांगायला नको. तुझ्या बहिणीच्या परसात. रस्त्याने आला तर चौकीवर अडवतील, कोर्टाचा कागद आहे. म्हणून हा सगळा खटाटोप. "या वेळी जबड्यावर थांबणार नाही," हे तो माझ्यासमोर बोलला, चहा पिता पिता.

मी चौकीत गेले होते. हवालदार म्हणाला, "मावशी, गाडी बांधणं हा काय गुन्हा आहे?" मी घरी पोचायच्या आत ती बातमी घरी पोचली होती. पाना निसटला नव्हता गं. त्याने केस धरून माझं डोकं बॉनेटवर दाबलं आणि पाना मारला. पोटच्या पोराने. मग फोन फोडला. मग नळावर हात धुऊन "जेवायला वाढ" म्हणाला. मी वाढलं.

तुझे सासरे गॅरेज चालवायचे तेव्हा चारचौघांत सांगायचे, हिला सांडशी मागितली तर पक्कड आणून देते. खरंच होतं ते. निम्म्या गाड्यांखाली मीच झोपलेली असायचे.

आज सकाळी त्याने मलाच गाडीखाली घातलं. नव्या दांड्याचं टोक चाकाशी जोडतात, तिथला नट अडचणीत बसलाय आणि त्याचा पंजा आत जात नाही. मी नट आवळला. तो फिरून सुटू नये म्हणून त्यातून एक बारीक पिन आरपार घालून वाकवायची असते. ती नसली तर हादऱ्यांनी नट ढिला होतो, दांडा निसटतो, आणि मग हातातलं चाक कितीही फिरवा, गाडी तिच्या मनाला येईल तिकडे जाते. ओढ्यात उतरायची ती कड्याची वाट तू पाहिली आहेस.

"पिन घातलीस ना, आई?"

"घातली."

"मग बघायला नको," म्हणाला. वाकूनसुद्धा पाहिलं नाही. लहानपणी माझं बोट धरून विहिरीच्या काठाने असाच निर्धास्त चालायचा.

पिन माझ्या पदराच्या गाठीत आहे. उद्या उजाडताच तो निघणार. तरी तू हे वाचताच ते घर सोड, माझ्या भरवशावर बसू नकोस. आत्ता तो जेवून झोपलाय, तोंड उघडं टाकून. गाडी अंगणात उभी आहे. पिन अजूनही घालता येईल, मिनिटभराचं काम आहे. पत्र लिहिता लिहिता मी उठून गाडीपाशी जाऊन आले.

नाही घातली.

मला तुझी कुणीही मानलं नाहीस तरी चालेल,
त्याची आई