चौथ्या रांजणाचं झाकण

ताकामात्सु, ४ ऑक्टोबर

चि. तामोत्सु यास अनेक आशीर्वाद.
वि. वि.

तू पाठवलेली सुदाची जातीची लिंबं पोचली. एकही दबलेलं नव्हतं. कियोमीनं त्याच दिवशी भाजलेल्या मासळीवर पिळली आणि मामाची आठवण काढत दोन घास जास्त खाल्ले. माझं खुब्याचं हाड आता काठीच्या आधारानं बरं चालतं. लेकीच्या घरी काही कमी नाही. स्वयंपाकघरात ओट्याखाली कसलासा वास येतो म्हणून ती कुरकुरते एवढंच. नळाचा असेल, असं मी तिला सांगितलंय.

लिंबांचं झालं. आता ज्या रुमालात ती बांधून पाठवलीस त्याच्याबद्दल लिहिते. बसून वाच.

तुझ्या निळीच्या रंगाईच्या वर्गातल्या कुणा प्रवाशानं तो मागे टाकला असावा. गाठींचे ठसे वेडेवाकडे आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही, माझेही पहिले तसेच होते. मी तो नाकाला लावला. काडी ओढल्यावर येतो तसला वास! मग बादलीत बुडवला. पाणी निळं झालं. दुसरं घेतलं, तेही निळं. तिसऱ्या पाण्याला रुमाल पार विटून गेला. तामोत्सु, आपल्या घरचा रंग कधी पाण्यात उतरलाय? बाबांच्या सदऱ्याची कोपरं फाटली, पण रंग हलला नाही. तू रांजणात डब्यातली रसायनाची पूड घालतोस. नाही म्हणू नकोस, माझा खुबा मोडलाय, नाक नाही.

दोन दिवस काम, तिसऱ्या दिवशी विश्रांती, हा बाबांचा नियम तू लहानपणापासून ऐकलायस. निळीचं पाणी जिवंत असतं. बैलालासुद्धा माणूस एक दिवस जू उतरवून मोकळा सोडतो.

पहिल्या तीन रांजणांचं काय केलंस ते केलंस, ते दर वर्षी नवे लावता येतात. चौथ्याला हात लावला नाहीस ना? त्यातलं तांब्याभर पाणी आईच्याही आधीपासून दर वर्षी नव्या निळीत विरजणासारखं पडत आलंय. मार्चमध्ये निघताना मी तुझ्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं होतं, की त्याचं झाकण पाहुण्यांसाठी उघडायचं नाही. फोन केला असता, पण तू तीस वर्षं बस चालवलेला माणूस. फोनवरही पुढचा थांबा आल्यासारखा ठेवून देतोस. म्हणून लेखी उत्तर हवं, उलट टपाली.

लोभ आहे म्हणूनच एवढी ओरडते.

तुझी ताई,
शिगेनो


योशिनो नदीकाठ, ११ ऑक्टोबर

ती. ताईस तामोत्सुचा शि. सा. नमस्कार.
वि. वि.

पत्र बसून वाचलं. मग उभं राहून वाचलं. मग परसात फेऱ्या मारत वाचलं, आणि शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं की कुणी गेलं का.

होय, घालतो पूड. तिन्ही रांजणांत घालतो. आठवड्याचे सहा दिवस लोक येतात, कुणी इटलीहून, कुणी कॅनडाहून. दोन तासांत त्यांना निळं कापड हातात हवं असतं आणि संध्याकाळी ओसाकाची बस गाठायची असते. त्यांना काय सांगू, रांजण आज दमलाय, परवा या? एकदा सांगून पाहिलं. एक बाई पोट धरून हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

तुझ्या वेळी किमोनोचं कापड घेऊन येणारी दुकानं होती. ती एकेक करून बंद झाली, हे तूच पाहिलंस. ताकामात्सुत बसून नियम लिहून पाठवायला काय जातं!

आणि एक सांगतो, या लोकांना हसू नकोस. कापड रांजणातून हिरवं निघतं आणि वाऱ्यावर डोळ्यांदेखत निळं होतं, तेव्हा पन्नाशीची माणसं पोरांसारखी ओरडतात. पोर्तुगालच्या एका आजोबांनी माझा हात धरून ठेवला, सोडेचनात. रांजणांच्या त्या खोलीत आजवर माझा हात कुणी धरला नव्हता. कान मात्र तू पुष्कळदा धरलास. बाबांनी तुला रंग शिकवला, मला राख वाहायला लावली. सुट्टीच्या दिवशी कोंड्याची पोती आणून टाकायचो आणि दारातून नुसतं डोकावलं तरी तू खेकसायचीस, की दार लाव, गार वारा येतो, तुझे हात थंड आहेत, रांजण बिघडेल.

चौथ्याचं झाकण मी काढलेलं नाही. शपथ तेवढी घालू नकोस.

खुबा सांभाळ. जिभेला आराम दे, असं लिहिणार होतो, पण ते तुझ्या तब्येतीला मानवायचं नाही.

तुझा,
तामोत्सु


ताकामात्सु, २७ ऑक्टोबर

चि. तामोत्सु यास आशीर्वाद. ‘अनेक’ हा शब्द या खेपेला मुद्दाम गाळला आहे.

परवा तुझ्या वर्गात मास्क आणि उन्हाची मोठी टोपी घातलेली एक बाई होती, आठवते? ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नावानं आलेली? ती कियोमी. मी पाठवली होती.

तिनं येऊन मला सगळं सांगितलं. तू सूचना फार छान देतोस म्हणे, बसमध्ये द्याव्यात तशा. लोक खूप हसतात म्हणे. मला त्याचा आणखीच राग आला. मग तिला झाकणाबद्दल विचारलं. पोरगी उठून ओटा पुसायला लागली. माझ्यापुढे तिला असं अचानक काम सुचलं की मी समजायचं ते समजते. चौथ्याचं झाकण भिंतीला टेकून उभं होतं आणि सात जण कोपरापर्यंत हात आत घालून उभे होते! फूल होतं का, म्हणून मी तीन वेळा विचारलं. वर निळ्या फेसाचं फूल नव्हतं म्हणाली. शिळ्या चहावर येते तसली साय होती.

म्हणजे मेला तो. तू मारलास, आणि मला लिहिलंस की झाकण काढलेलं नाही. सत्तर वर्षांचा घोडा झालास आणि मोठ्या बहिणीला शाळेतल्या पोरासारखा खोटं लिहितोस! लाज वाटत नाही? पूड घातलीस तेव्हा मला वाटलं होतं, अडला असेल बिचारा. पण खोटं बोलायला तुला कोणती बस गाठायची होती?

आता एवढंच कर. दारावरची कुवामुरा घराण्याची पाटी उतरव. तुला वर्ग चालवायचा तर चालव, लोकांना हसव, ऑगस्टच्या उत्सवातल्या नाचात नाच. पण बाबांच्या नावाखाली नको. चार दिवसांत पाटी उतरवल्याचं मला कळलं पाहिजे.

लोभाचं पुढे बघू.

शिगेनो


योशिनो नदीकाठ, २ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

पाटी उतरवली. आज सकाळी शिडी लावून उतरवली. मागे भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा पट्टा राहिलाय. गल्लीतला प्रत्येक जण थांबून विचारतो, आणि मी सांगतो, ताईला विचारा.

कियोमीला मी दारातच ओळखलं. तिची चाल तुझी आहे. झाकण मी मुद्दाम काढून ठेवलं होतं. ती येण्याआधी अर्धा तास झाकून ठेवायचं ठरवलं असतं तर जमलं असतं, नोंदणीत ताकामात्सुचा पत्ता होता. नाही झाकलं. तुला कळावं असं वाटत होतं आणि स्वतः लिहायला हात धजत नव्हता.

आता सगळं ऐक. ऑगस्टच्या नाचाच्या दिवसांत एका दिवसात चाळीस माणसं आली. तिन्ही रांजण दमले. पूड घालूनही कापड राखाडी निघायला लागलं. त्यात ब्राझीलहून आलेली एक बाई होती. तिचा नवरा वसंतात गेला होता, आणि त्याचा पांढरा सदरा ती एवढ्या लांबून घेऊन आली होती. तो सदरा माझ्या रांजणातून भांड्याच्या धुवणासारखा निघाला. ती रडली नाही, उलट माझीच समजूत घालायला लागली की छान आहे, छान आहे. ताई, मला ते पाहवेना. मी चौथा उघडला. असा निळा आला म्हणून सांगू, तू असतीस तर तूही मला बोलली नसतीस.

एक सदरा. पण दुसऱ्या दिवशी आणखी कुणासाठी तरी उघडला, मग सगळ्यांसाठीच. सप्टेंबरात तो आजारी पडला. फूल विरत चाललं, वास आंबूस झाला. काय करायचं मला कळेना. राख घालायची? तांदळाची दारू? कोंडा? तुला चार वेळा फोन लावला आणि घंटा वाजायच्या आत ठेवला. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुझे हात थंड आहेत. मग पूड घातली आणि तो गेला.

तू मला खोटारडा म्हणालीस, ते खरं आहे. पण परक्या माणसांना मी दोन तासांत जेवढं शिकवतो, तेवढं तू माहेरी आल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षांत मला शिकवलं नाहीस! राख वाहिली मी, कोंडा आणला मी, छप्पर शाकारलं मी. आणि रांजण आजारी पडल्यावर काय करतात हे मला ठाऊक नाही, सख्ख्या घरात. तो मी मारला. पण तूही मारलास, ताई. रागव आता.

लोभाचं तू बघणार होतीस, म्हणून मी काही मागत नाही.

तामोत्सु


ताकामात्सु, ११ नोव्हेंबर

चि. तामोत्सु यास आशीर्वाद.

तुझं पत्र आठवडाभर गादीखाली ठेवलं होतं. रोज काढून वाचायचे आणि रोज नव्यानं चिडायचे. काल कियोमीनं ओट्याखालचं कपाट साफ करायला घेतलं आणि लोणच्याची बरणी बाहेर काढली. आता लिहिणं भाग आहे.

मार्चमध्ये निघताना मी चौथ्यातलं पाणी त्या बरणीत भरून आणलं होतं. चोरून. तुला झाकणाची शपथ घालून झाल्यावर, तू टॅक्सी आणायला गेलास तेव्हा. माझा तुझ्यावर विश्वास नव्हता. इथे रोज चमच्यानं कोंडा भरवला, दारू पाजली, गरम पाण्याच्या पिशवीत गुंडाळून ठेवली. मे महिन्यात मेली ती. तुझ्या रांजणाच्या आधी माझी बरणी मेली, आणि ती ओट्याखाली लपवून मी तुला दोन पत्रं भरून शिव्या दिल्या. घे, आता तू हस.

दुसरंही सांगते. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन मी माहेरी आले तेव्हा अठ्ठावीसची होते. घर तुझं होतं, तू मुलगा. त्या खोलीतला रंग तेवढा माझा होता. तुला तो येऊ लागला तर या घरात माझं काय काम, अशी भीती वाटायची. म्हणून दार लाव म्हणायचे. वाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता. हे मी बाबांनाही कधी सांगितलं नाही.

आता नीट वाच आणि अक्कल लढवू नकोस. फूल येईपर्यंत वर्ग बंद. चौथा उपसून आतून घास. निळीची कुजवलेली पानं ओकच्या राखेच्या पाण्यात पायानं तुडवून घे. राखेचं पाणी जिभेवर ठेवून बघ, चुरचुरलं पाहिजे, भाजता कामा नये. थंडी आहे, रांजणांमधल्या खड्ड्यात भुशाची धग रात्रंदिवस ठेव. चौथ्या दिवशी कोंड्याची पातळ पेज आणि पेलाभर दारू. सकाळी एकदाच तळापासून ढवळ, उगाच घुसळत बसू नकोस. आणि रोज हात घालून बघ. बाबांचेही हात थंड होते. ते म्हणायचे, थंड हाताला रांजणाचा ताप आधी कळतो. हे तुला मी कधीच सांगितलं नाही.

विरजण गेलं ते गेलं. माझा राग अजून आहे, त्यातला किती तुझ्यावर आणि किती माझ्यावर ते मला सांगता येत नाही. लोभही आहे, तो मोजायला नको.

तुझी ताई


योशिनो नदीकाठ, ५ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

वर्ग बंदची चिठ्ठी लावली तरी एक डॅनिश जोडपं आलंच. त्यांना सांगितलं, रांजण अजून उठलेला नाही. ती हसली नाहीत. दोन दिवस राहून कोंडा शिजवू लागली. राखेचं पाणी चाखून नवरोबांनी अंगणात जी उडी मारली, ती तू पाहायला हवी होतीस.

नवव्या दिवशी काही नाही. दहाव्या दिवशी वास बदलला. बाराव्या दिवशी पहाटे हात घातला तर आत माणसाच्या काखेएवढी ऊब होती, आणि उजाडल्यावर पाहिलं तर वर मधोमध निळंजांभळं फूल. लहान आहे, पण आहे. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसलो आणि तुला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या. अठ्ठेचाळीस वर्षांचा राग आहे, एका पत्रानं कसा जाईल?

सोबत रुमाल आहे. पहिल्याच बुडीचा, बाबा ज्याला ‘रांजणात नुसतं डोकावलेला’ म्हणायचे तसा फिका. बादली काढ आणि धू. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. मला इथून खात्री आहे, पण तू धुतल्याशिवाय मानणार नाहीस.

पाणी स्वच्छ राहिलं तर कियोमीला घेऊन ये. पाटी अजून भिंतीला टेकून ठेवली आहे. तुला काही शिडीवर चढता यायचं नाही, मीच चढीन. तू खाली उभी राहा आणि वाकडी लागलीये म्हणून ओरड.

तुझा थंड हातांचा भाऊ,
तामोत्सु