'आत्ताच घेऊन जा' असे ते स्वतः म्हणाले होते

मी, दैफल्लाह बिन मुफलिह, थोरल्या मुलाच्या नावाने अबू मुफलिह, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी (उत्तीर्ण), धंद्याने दगडी बांधकामाचा मिस्त्री, सध्या निवृत्त, राहणार अस-सल्त, वरची आळी, पुढील मजकूर पूर्ण शुद्धीवर व चष्मा लावून लिहून देतो.

मादबा मुक्कामी माननीय मेहुणे अबू लाफी यांस सलाम. आपली प्रकृती कशी आहे? गुडघा कसा आहे? (हे रीत म्हणून विचारलेले नाही. मला रीत म्हणून काही विचारता येत नाही, आणि तेच या पत्राचे कारण आहे. गुडघ्याविषयी सविस्तर कळवावे.) आमच्याकडे दोन बातम्या आहेत. आमचा नातू शाहेर याचे लग्न मोडण्याच्या बेतात आहे, ही वाईट. ते मी का मोडत आणले याचे शास्त्रीय कारण बहुधा सापडले आहे, ही इतकी आनंदाची, की मला दोन दिवस नीट जेवणही गेलेले नाही.

गेल्या शुक्रवारी मागणी घालण्यासाठी आम्ही चाळीस पुरुषांची जाहा घेऊन अबू सख्र यांच्या घरी गेलो. घरातील ज्येष्ठ म्हणून प्रमुख मी. माझ्यापुढे कॉफीचा पेला आला, तो रीतीप्रमाणे होकार मिळेपर्यंत न पिता खाली ठेवला आणि त्यांची नात रुबा हिला शाहेरसाठी मागितले. इथवर एक अक्षरही चुकले नाही. अबू सख्र छातीवर हात ठेवून म्हणाले, "प्या कॉफी, अबू मुफलिह! पोरगी तुमचीच आहे. मनात असेल तर आत्ताच घेऊन जा!" मी कॉफी प्यालो, पेला ठेवला, उठलो आणि म्हणालो, "आभारी आहे. शाहेर, गाडी काढ. मुलीच्या आईला म्हणावे, बॅग भरा."

(मला खरोखर वाटले की हे दोन्ही बाजूंच्या सोयीचे आहे. त्यांच्या गल्लीत गाडी पुन्हा लावायला जागा मिळत नाही.)

आधी कोणी हसले. मग अबू सख्र हसत नाहीत हे पाहून तेही थांबले. "आमची पोर काय पिठाचं पोतं आहे, खांद्यावर टाकून न्यायला?" असे ते म्हणाले. मी उत्तर दिले की पोते नाही हे दिसतेच आहे, परंतु न्या असे आपणच सांगितले. त्यानंतर आम्हाला मिठाई मिळाली नाही. लोकांनी रदबदली केल्यावर एवढेच ठरले की येत्या शुक्रवारी जाहा पुन्हा यावी. तीही बिनसली तर विषय संपला. घरी येताना आपली भगिनी मला म्हणाली, "अहो, मागच्या जन्मी ओळंबा होतात का हो तुम्ही?" मी सांगितले की आपल्या धर्मात मागचा जन्म नसतो.

हे ऐकून आमची दीमा (शाहेरची बहीण, अम्मानला मानसशास्त्र शिकते) माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पन्नास प्रश्नांचा एक कागद आणला. लोक जे बोलतात तेच त्यांच्या मनात आहे असे तुम्ही धरून चालता का? होय. (नाही तर बोलावे कशाला?) ठरलेला क्रम बदलल्यास त्रास होतो का? होय. शेजारचे अबू निम्र रोज दारातून हाक मारत, "या, जेवायला बसा!" आणि मी बसत असे. बारा वर्षे. गेल्या वर्षी त्यांनी दुसरीकडे घर घेतले. एका ठेकेदाराच्या मयताला गेलो असता सगळे म्हणत होते, याच्यासारखा दुसरा होणे नाही. मी दुजोरा दिला, की खरेच, इतक्या वाकड्या भिंती दुसऱ्या कोणी बांधल्या नाहीत. चौथीत मास्तरांनी विचारले, लाज वाटते का? मी विचार करून 'नाही' म्हणालो. ती छडी मला आजही आठवते. दीमा लिहून घेत होती आणि मधूनमधून डोळे पुसत होती. हसून की कशाने, ते मला कळले नाही. (हाही एक प्रश्न कागदावर होता.)

पन्नासांपैकी एक्केचाळीस! चौथीच्या परीक्षेतही मला इतके मिळाले नव्हते. अशा स्वभावाला पूर्वी अ‍ॅस्परगर सिंड्रोम म्हणत. दीमा घाईघाईने म्हणाली, "आजोबा, थांबा! कागदावरून ठरत नाही, ते डॉक्टर ठरवतात. आणि आता ते नाव वेगळं ठेवलेलं नाही, स्वमग्नतेच्या मोठ्या कुटुंबातच धरतात." म्हणजे नाव गेले, पण घराणे मिळाले! अबू लाफी, सत्तर वर्षे मला उद्धट म्हटले गेले आणि मी ते सही करून दिल्यासारखे मान्य केले. आता वाटते, दगड खराब नव्हता. तो ज्या थरातला होता तो थर कोणी पाहिलाच नव्हता.

या उत्साहात मंगळवारी मी तो कागद घेऊन अबू सख्र यांना समजवायला गेलो. दीमाने बजावले होते की दारातले पहिले तीन आग्रह शिष्टाचाराचे असतात, ते नाकारावेत, चौथा खरा. मी आरशासमोर सराव केला होता. ते फाटकात उभे होते. "या, चहा घ्या," म्हणाले. नको म्हटले. "अहो, या तर!" नको. "अल्लाची शपथ, आत या!" नको. मग मी चौथ्याची वाट पाहिली. ते माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे. चौथा आला नाही. मी सलाम करून परत फिरलो, आयुष्यात प्रथमच सभ्य वागल्याच्या आनंदात.

घरी पोचेपर्यंत फोन येऊन गेला होता. त्यांनी मला लांबूनच पाहिले होते, म्हातारा माफी मागायला येतोय म्हणून घरात सांगितले होते, कुनाफा मिठाईचे ताट चुलीवरून उतरवले होते; आणि त्यांनी शपथ घातली तरी मी त्यांचा उंबरा ओलांडला नाही! आपली भगिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "सगळा जन्म नको तिथं जेवलात, आणि जेवायचं होतं तिथून उपाशी आलात!" शाहेर उठून गच्चीवर गेला, आणि त्याचा अर्थ मात्र मला कागदाशिवाय कळला.

असो. गुडघ्याला ऑलिव्हचे तेल चोळत जावे.

आपला,
दैफल्लाह

ता. क. आपल्या मुलाच्या, लाफीच्या, लग्नात मी आपल्याला चारचौघांत खोटारडे म्हटले, त्यास अकरा वर्षे झाली. आपण कोणालाही, काहीही, हसत हसत म्हणू शकता आणि लोक खूश होऊन घरी जातात. ते खोटे नसून विद्या असावी, असे आता वाटू लागले आहे. (पूर्ण खात्री झालेली नाही.) तरी शुक्रवारी जाहाचे प्रमुखपद आपण घ्यावे. पेला आपल्यापुढे ठेवतील. मी शेवटच्या रांगेत बसेन आणि तोंड उघडणार नाही. हे पद मी आजवर कोणाला दिलेले नाही.

ता. क. दुसरा. डॉक्टरांनी त्यानंतरच्या रविवारी बोलावले आहे. 'तसे काही नाही' असे ते म्हणाले, तर मी निव्वळ उद्धट ठरतो. म्हणून अबू सख्र यांना माझ्याविषयी जे सांगायचे ते आपण शुक्रवारीच सांगून टाकावे. थोडे वाढवून सांगितले तरी मी हरकत घेणार नाही.

लिहिताना समक्ष हजर: (१) आपली भगिनी उम्म मुफलिह, जिने 'खोटारडे' हा शब्द खोडायला सांगितला व मी तो खोडला नाही, (२) दीमा, (३) शाहेर, ज्याने हे पत्र दोनदा वाचले, माझ्या डोक्याचा मुका घेतला, आणि जो ते स्वतः घेऊन येत आहे. आपला होकार मिळाल्याशिवाय मादबाहून हलणार नाही, असे तो म्हणतो. तो जे म्हणतो तेच त्याच्या मनात असते.