कलकत्त्याचा वाघ

१४ जानेवारी २००५, संक्रांत
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रोज लिहिणे. चलनातल्या नाण्यांचा सेट पाडव्यापर्यंत पुरा करणे. आणि सेट पुरा होईस्तोवर मिसळ बंद. कोल्हापुरात राहून मिसळ बंद म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

काम सोपं हाय. आठ आणे, एक, दोन आणि पाच रुपये. टाकसाळी चार. चार चोक सोळा. नाण्यावर सालाखाली टाकसाळीची खूण असते. मुंबईचं शंकरपाळं, हैदराबादची चांदणी, नोएडाचं टिंब. कलकत्त्याची खूण अजून घावली न्हाई. पण बंगाल म्हटल्यावर वाघच असणार. बारका असणार. गिरणीत दिवसभर बायका दळण घेऊन येतात, चिल्लर धो धो येते. वाघाला कितीसा वेळ लागणार?

२३ जानेवारी
केरबा मिस्त्रीकडनं बोर्ड करून घेतला. सोळा भोकं, नाणं टिच्चून बसतं. दोन रुपयाला अकरा कोपरे. ते भोक पाडताना मिस्त्रीनं माझं खानदान उद्धारलं. फळी सागवानी, शाहूवाडीच्या सासऱ्यांनी पाठवलेली. सौ. म्हणाली, अवो, ती देव्हाऱ्यासाठी धाडलीया, देव किती दिवस बिस्किटाच्या डब्यावर बसायचं. मी म्हटलं, सेट पुरा झाला की दुसऱ्या दिवशी देव्हारा. शब्द दिला. सयाजीचा शब्द म्हणजे शब्द. अजून निम्मी फळी शिल्लक हाय, आणि नाणी काय रोज बदलतात व्हय?

६ फेब्रुवारी
बारा भोकं भरली. राहिली कलकत्त्याची ओळ. गल्ल्यात बिनखुणेची नाणी रग्गड येतात, पण ती बनावट, दुसरं काय? खोटं नाणं गिऱ्हाइकाला द्यायचं न्हाई हा आपला उसूल. सौ.ला सांगितलं, दर शनिवारी मारुतीच्या पेटीत टाकत जा. देवाला चालतं.

३० मार्च
भिंग आणलं. एका रुपयावर वाघाची शेपूट दिसली. पुसल्यावर गेली. पीठ होतं.

स्टँडजवळ नुसता कट प्यायलो, पाव न्हाई, फरसाण न्हाई. ह्याला मिसळ म्हणत नाहीत.

९ एप्रिल, पाडवा
सेट तसा झालाच, चार कमी. सौ.नं देव्हाऱ्याचं विचारलं. सणासुदीला वाद नको म्हणून बाहेर गेलो.

१९ ऑगस्ट
घात झाला! दळणाच्या पैशात दोन रुपयाचं गोल नाणं आलं. गोल! कोपरे गेले कुठं? वर अधिक चिन्हासारखं काहीतरी. रुपयापण तसलाच. दोन्ही इतके सारखे की गर्दीत मी रुपया म्हणून दोनचंच नाणं परत देत होतो, आणि बायका मुकाट्यानं घेत होत्या. सांगायला कुणाचं तोंड दुखत होतं?

सरकारला एवढी वर्षं कळलं न्हाई व्हय, की इकडं एक माणूस भोकं पाडून बसलाय?

२१ ऑगस्ट
आठ भोकं वाढवली. शिल्लक फळीतला तुकडा जोडला. केरबा म्हणाला, सयाजीराव, वैनींना सांगिटलंय न्हवं? मी म्हटलं, घरात आमचंच चालतं. जरा हळू म्हटलं, सौ. आतच होती.

११ नोव्हेंबर २००५
रोज लिहिण्याचा संकल्प थोडा सैल केलाय. महत्त्वाचं तेवढंच लिहायचं.

जयसिंगपूरचा राजशेखर, कापडाचा व्यापारी, माझ्यासारखाच नाणीवेडा. दिवाळीनंतर दुकानाच्या माळ्यावर नाण्यांचं प्रदर्शन भरवतो. मला म्हणाला, पावणं, तुमचा बोर्ड आणा की री. म्हटलं, पुरा झाल्याशिवाय दाखवणार न्हाई. वाघाचं त्याला विचारणार होतो. पण विचारलं तर मला ठाऊक न्हाई हे त्याला कळणार. शिवाय त्यालापण ठाऊक नसणार.

४ मे २००६
काही न्हाई. वाघ न्हाई. मिसळ एकदा, पण पाव्हण्यांचा मान राखायला. ती धरायची न्हाई.

१८ डिसेंबर २००७
डोकं फिरलंय. परत नवीन! रुपयावर अंगठा, दोनवर दोन बोटं. शाळेत दोन बोटं दाखवून पोरं कुठं जायची, दिल्लीत कुणालाच ठाऊक न्हाई काय? पाचचं नाणंपण पार बारीक झालंय. म्हणतात आठ आण्यालापण मूठ येणार हाय. म्हणजे चारही नवीन, चार टाकसाळी, परत सोळा.

माणसानं छंद करावा का न्हाई? एक भरावं तर दुसरं हजर, हातचं काही टिकूच देत नाहीत. लई वैताग आलाय. रिझर्व्ह बँकेला पत्र लिहिलं: महोदय, एकदाच काय ते ठरवा आणि गप बसा. तिकीट चिकटवायचं राहिलं.

२० डिसेंबर
सोळा भोकं वाढवली. एकूण चाळीस. फळी संपली. सौ.नं बिस्किटाच्या डब्यावरचे देव पुसले, परत तिथंच ठेवले. बोलली असती तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर २००९
चाळीसपैकी तीस भरली. कलकत्त्याची दहा रिकामी. पावणेपाच वर्षांत बंगालचा वाघ आमच्या गिरणीकडं फिरकला न्हाई. पण राजशेखर ऐकेना, तेव्हा उद्या बोर्ड घेऊन जातोय. रिकाम्या भोकांखाली चिठ्ठ्या लावल्या: वाघ, शोध चालू. बघणाऱ्याला उत्सुकता वाटेल.

१ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
राजशेखरनं मधलं टेबल दिलं. शंभरभर माणूस. एका प्राध्यापकानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली, कसला वाघ म्हणाला. मी भिंग काढून समजावून सांगितलं. टाळ्या पडतील असं वाटलं होतं. राजशेखरनं मला जिन्यात नेलं. हळूच म्हणाला, पावणं, कलकत्त्याच्या नाण्यावर खूणच नसते री. बिनखुणेचं तेच कलकत्त्याचं.

जिन्यात बसलो. पावणेपाच वर्षं! दर शनिवारी ओंजळ ओंजळ! अख्खी कलकत्त्याची टाकसाळ मी मारुतीच्या पेटीत ओतली, वर खोटी म्हणून. अकरा कोपऱ्यांची तर आता गल्ल्यात येतपण नाहीत. वर माळ्यावर हसल्याचा आवाज येत होता. दुसऱ्याच कशावर तरी हसत असतील.

घरी आल्यावर सौ.नं विचारलं, कसं झालं. तिच्यापुढं मान खाली घालवेना. म्हटलं, फसक्लास झालं. वाघ नसतोच असं सिद्ध झालं. म्हणजे सेट तत्त्वतः पुरा. तिनं विचारलं, पुरा झाला न्हवं? म्हटलं, झाला. नक्की? म्हटलं, एकदा सांगितलं की न्हाई? बरं, म्हणाली, आणि चहा ठेवला. विषय तिथंच मिटला.

२ नोव्हेंबर, सोमवार
सेट पुरा, म्हणून दुपारी गिरणीवरनं परस्पर जाऊन उजळ माथ्यानं मिसळ खाल्ली. पाव, फरसाण, कट, सगळं. हॉटेलवाल्यानं परत दिलेल्या पैशात दहा रुपयाचं नाणं निघालं. दहाचं! मधी पांढरं, कडेला पिवळं. कधी काढलं, कुणाला विचारून काढलं? घास कडू झाला. तरी पण घरी जाऊन बोर्डाला कुठं जागा निघते का बघू, असं ठरवून पळतच आलो.

दारात केरबा मिस्त्री हत्यारं आवरत होता. म्हणाला, पहाटंच वैनींचा निरोप आलता, सेट झाला, सयाजीरावांचा शब्द हाय, आजच देव्हारा पायजे. सौ.च्या हातात हळदीकुंकवाचा करंडा. देव्हारा झाला होता. पाठीमागं, दोन्ही बाजूंना, सगळी माझीच भोकं. केरबा म्हणाला, जाळी म्हणून बरी दिसत्यात, उदबत्तीचा धूर कोंडायचा न्हाई.

नाणी कुठं म्हटलं. सौ.नं बिस्किटाचा डबा दिला. तीसही आत होती, पुसून, फडक्यात गुंडाळलेली. एक हरवलं न्हाई. भांडायला तोंड उघडलं होतं, पण तिनं दिवा लावला आणि भोकांतनं उजेड भिंतीवर पडला. कुठलं मुंबईचं, कुठलं कलकत्त्याचं, काही कळत नव्हतं. सौ. बघत उभी होती. म्हणाली, शाहूवाडीला आबांना फोटू पाठवू या. मला कसंतरीच झालं. पावणेपाच वर्षांत एवढी खूश बघितली नव्हती.

मग तिनं माझ्या मुठीतलं दहाचं नाणं काढून घेतलं आणि नव्या देव्हाऱ्यात देवीपुढं ठेवलं. म्हटलं, थांब, सालाखाली खूण काय हाय तेवढं बघतो.

देवापुढचं उचलत नाहीत म्हणाली.