बंद दारांची नऊ घरं

२० नोव्हेंबर १९६६, बोईसर
"पाड्यावरच्या बंधुभगिनींनो, तुमची भूक सरकारच्या एकाही कागदावर नाही!" — उमरोळीच्या सभेत आज इथूनच सुरुवात केली. टाळ्याच टाळ्या! खाली उतरलो तर तालुका समितीचे सभासद म्हणतात, "भाषणं पुरे. आकडे आणा, मग पाड्यावर स्वस्त धान्याच्या दुकानाचं बघू."
आणतो! बैठक दहा डिसेंबरला.

२२ नोव्हेंबर
पाड्यावर शंभर घरं. तिथल्या शाळेचे नामदेव मास्तर म्हणाले, "गरिबांची वीस मी दाखवतो की!" नको. वेचून घेतली तर ती वकिली झाली. टोकापासून दर पाचवं घर. बंद असेल तर शेजारचं. प्रश्न एकच — कणगीत भात किती? तोही नुसता विचारायचा नाही, कणगीत हात घालून बघायचं. याला कोण खोटं पाडतो बघू!

२७ नोव्हेंबर
वीस घरं झाली. सोळा घरांत होळीपर्यंतचा भात! चारच रिकामी.
मास्तर हसले. "सभेत उपाशी, फॉर्मात पोटभर!"
हे आकडे दिले तर दुकान बुडालं. दडवले तर मी बुडालो.

२८ नोव्हेंबर
पुन्हा पाड्यावर. राहीबाई म्हातारी त्या चार रिकाम्या घरांतली. चालवत नाही म्हणून मागे राहिलेली. म्हटलं, "बाई, लोक इतके खाऊनपिऊन सुखी आहेत?"
"ज्याचे कणगीत भात हाय, तो घरात हाय. ज्याचे नाय, तो कवाच गवत कापायला गेला. तू त्याचं बंद दार बघतस नि शेजाऱ्याला इचारतस! शिकलेला ना तू?"
घरी येऊन फॉर्म चाळले. नऊ घरं बंद होती. नऊ वेळा मी शेजारी गेलो होतो.
नियम माझा. चूकही माझीच.

३ डिसेंबर, वाणगाव
गवताच्या वखारीत नऊही कुटुंबं सापडली. गंजीच्या आडोशाला चुली. आठ घरांची कणगी दिवाळीआधीच संपलेली. नवव्या चिंतूकडे भात आहे, तो बैलासाठी पैसे जोडायला आलाय. सोबत आलेले मास्तर कुजबुजले, "नऊच लिहा, कोण बघतंय?"
आठ लिहिले. शेजारची नऊ घरं वगळली, त्यांत रिकामं एकच होतं; पाड्यावरची उरलेली तीन धरून विसांत अकरा रिकामी. माझ्या भाषणाहून कमी. पण पक्की!

९ डिसेंबर
भाषण फाडलं. उद्या एवढंच म्हणायचं: सभासदहो, उठा, बैठक वाणगावच्या वखारीत घ्या.