जठारपेठेतला कॉम्प्युटर सुरू होत नाही

अकोला, जठारपेठ
दि. १७ ऑक्टोबर २०२४

ती. माणिकताईस,
धाकट्या मैनाचा सविनय जयभीम. वि. वि.

विजयादशमीला तू दोन दिवस येऊन गेलीस, घर भरल्यासारखं वाटलं. तू गेल्यापासून मात्र बाबांचा कॉम्प्युटर सुरू होत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ येते आणि सगळं तिथेच थांबतं.

फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. शिवाय बाबांनी धामणगाव रेल्वे गावात तीस वर्षं टपाल वाटलं. महत्त्वाचं ते कागदावर, हा त्यांचा नियम ते गेल्यावरही मोडवत नाही.

बाबांनी शेवटच्या दोन वर्षांत सांगितलेलं त्यांचं आयुष्य, चौसष्ट पानं, मी त्याच यंत्रात टाइप केलं आहे. दुसरी प्रत नाही. १९ नोव्हेंबरला त्यांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी पुस्तिका वाटायची आहे आणि छापखान्याला मजकूर १२ तारखेपर्यंत हवा. तू बत्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलंस, कॉम्प्युटरची खोलीही तुझ्याच ताब्यात होती. काय करू ते कळव.

तुझ्या उत्तराची आणि त्यातल्या रागाचीही वाट पाहणारी,
मैना


अमरावती
दि. २१ ऑक्टोबर २०२४

चि. मैनास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पावलं. चौसष्ट पानं आणि दुसरी प्रत नाही! माझ्या विद्यार्थिनीने असं केलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. मी विजयादशमीला ती पानं वाचायला मागितली होती. छापून आल्यावर सगळ्यांबरोबर वाच, असं तू म्हणालीस. सगळ्यांबरोबर. मी थोरली आहे. बाबांनी पहिली पाटी मला आणली, पण आयुष्य सांगायला मात्र तुला निवडलं. असो.

आता काम. मागची तार काढून पाच मिनिटं थांब. मग कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघड. आत एक हिरवी पट्टी उभी दिसेल, दोन्ही टोकांना खटके असतील. ती रॅम. ती काढून तिची सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलकेच घास आणि खटके वाजेपर्यंत परत बसव. बाकी कशाला हात लावू नको. खाली एक रिकामा खण दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नको. असे खण रिकामे असतातच. एखादी तार मोकळी दिसली तर ती जादाची समज. आणि दुकानात मुळीच नेऊ नको. ते लोक न विचारता सगळं पुसून टाकतात.

जपून काम कर, घाई करू नको, एवढंच मागणं.
ताई

ता. क. तू बांधून दिलेल्या कुरड्यांत मीठ जास्त होतं.


अकोला
दि. २५ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तू सांगितलंस तसं केलं. एकदा नाही, तीनदा. रॅम घासून घासून आरशासारखी झाली, पण पडद्यावर तीच ओळ. समोरच्या दुकानात पायल नावाची मुलगी कॉम्प्युटर दुरुस्त करते. ती आपणहून पाहायला आली होती, पण तुझी आज्ञा म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं.

पाटीचं लिहिलंस म्हणून सांगते. तुला नवी पाटी मिळाली, मला तुझी फुटकी. तू अमरावतीला होस्टेलवर राहून शिकलीस. मी दहावीनंतर आईच्या दुखण्यात घरी राहिले. शेवटची सहा वर्षं बाबा इथे माझ्याजवळ होते, ते तुला खुपतं हे मला कळतं. मला काय खुपतं ते तू कधी विचारलं नाहीस.

पानं आठवून पुन्हा लिहायला बसले होते. दोन ओळींत बाबांचं बोलणं माझंच होऊन जातं. ती पानं गेली तर बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, आणि या वेळी माझ्या हातून. दिवस थोडे उरले आहेत. दुसरा काही उपाय असला तर लवकर लिही.

तुझी माया कमी होऊ देऊ नको,
मैना


अमरावती
दि. २९ ऑक्टोबर २०२४

चि. मैनास,
जयभीम.

खोडरबर ठेवून दे. कॉम्प्युटर सुरू होणार नाही, कारण लिहिलेलं सगळं ज्यात साठतं ती हार्ड डिस्क माझ्या टेबलावर आहे. तू सकाळी विहारात गेलीस तेव्हा मी ती काढली आणि तुझ्या कुरड्यांच्या पिशवीत घालून एसटीने घेऊन आले. प्रत करून गुपचूप परत बसवणार होते. ही चोरी आहे. त्याला दुसरा शब्द मी शोधलेला नाही.

पानं गेलेली नाहीत. दोन रात्री मी ती वाचत होते. मला फक्त पाहायचं होतं, बाबांनी तुला असं काय सांगितलं जे मला कधी सांगितलं नाही.

आता तुझं. डिस्कवर दोन फाइली आहेत. एकीचं नाव ‘बाबा खरे’, दुसरीचं ‘बाबा छपाई’. पहिलीत बाबा दर दोन पानांनी थांबतात आणि विचारतात की माणिक, आयकून राहिली ना तू? दुसरीत तिथे तिथे ‘लेकरांनो’ आहे. एकतीस ठिकाणी, मी मोजलं. मी डिस्क चोरली. तू बाबांच्या तोंडातलं माझं नाव चोरलंस. छापखान्याला कोणती फाइल द्यायची ते कळव.

आणि एक सांग. चौसष्ट पानांत तुझं नाव एकदाही नाही. असं का?

उत्तर येईपर्यंत आशीर्वाद राखून ठेवते.
ताई


अकोला
दि. ४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पायलला दारातून परत पाठवलं हे खोटं. तू गेलीस त्याच संध्याकाळी तिने पत्रा उघडला. डिस्क नव्हती, स्क्रू तीनच होते, आणि आतली दहा वर्षांची धूळ स्वच्छ पुसलेली होती. मोकळ्या तारांना रबरबँडही लावलेलं. पायल म्हणाली की इतका नीटनेटका चोर तिने पाहिला नाही. मी तिला सांगितलं की मी पाहिला आहे, तो फिजिक्स शिकवायचा. रॅमला मी खोडरबर लावलेलंच नाही. रिकाम्या खणाकडे लक्ष देऊ नको हे वाचून मात्र मी आणि हे, दोघंही पोट धरून हसलो.

नंतर हसू आलं नाही. डिस्क तुझ्याकडे, म्हणजे खरी फाइल तू वाचणार. ती माझ्या हाताने तुला देण्याची हिंमत मला झाली नव्हती, म्हणून तुला वाचू दिलं.

बाबा माझ्या खाटेवर बसत, माझ्या हातचं खात, आणि बोलत तुझ्याशी. समोर मी, आणि विचारणं काय, तर माणिक आयकून राहिली ना. तू तिकडे अमरावतीत. एकतीस वेळा मी तुझं नाव एका बोटाने टाइप केलं. मग एका दुपारी सगळी बदलली.

माझं नाव ते दिवसातून वीसदा घेत. मैना, पानी दे वो. मैना, पंखा कमी कर. मैना, मागचं वाचून दाखव. ते काय पुस्तकात लिहायचं असतं? म्हणून नाही लिहिलं.

खरी फाइलच छापू दे. राग धरू नको असं म्हणत नाही. धरलास तर इथे येऊन धर.
मैना


अमरावती
दि. ७ नोव्हेंबर २०२४

चि. मैनास,
राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद.

खरी फाइलच जाईल, पण एक दुरुस्ती करून. बाबांनी जिथे जिथे तुला हाक मारली, त्यातल्या आठवतील तितक्या हाका जागच्या जागी घाल. पाणी, पंखा, मागचं वाच, सगळं त्यांच्याच बोलीत. पुस्तकात हे कशाला, असं छापखानेवाला विचारेल. त्याच्याकडे मी पाहते.

रविवारी सकाळच्या गाडीने डिस्क घेऊन येते. चौथा स्क्रू माझ्या पर्सच्या तळाशी सापडला. डिस्क मी बसवीन, टाइप तू कर. मी शेजारी बसून चुका काढीन.

बाबांनी आयुष्य मला सांगितलं, हे तुझ्या मनात सलतं. बरोबर आहे. पण सहासष्ट वर्षांत त्यांनी मला कधी पाणी मागितलं नाही. मी धामणगावला गेले की तेच उठायचे आणि पाहुणी आल्यासारखा पाण्याचा गडवा भरून माझ्या हातात द्यायचे.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
ताई